केवड्याच्या अकरा रेघा

मांगेरे, ऑकलंड
१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनच करणार होते. पण मागच्या खेपेस तू फोन स्पीकरवर टाकून जेवायला बसलीस आणि माझ्या लग्नाविषयी अर्ध्या गावाने आपापलं मत देऊन टाकलं. मागून कुणीतरी एका विधुराचं नावसुद्धा सुचवलं. म्हणून हे पत्र. इओसेफो मामा परवा तुमच्या सवाई बेटावर निघालेत, त्यांच्या खिशात घालून देते.

कामाचं सांगते. आमच्या चर्चच्या मंडळीने नवं सभागृह बांधलंय आणि त्याच्या समोरच्या भिंतीभर सियापो हवाय, आपण झाडाच्या सालीच्या कापडावर रंगवतो तसा, चांगला वीस हात लांब. खरं सालीचं कापड इथल्या ओलसर हवेत बुरशी धरेल, म्हणून नक्षी मी कॉम्प्युटरवर काढायची आणि ती लाकडी फळ्यांवर छापून घ्यायची असं ठरलं. मी म्हटलं, आठवड्याचं काम.

नीरफणसाच्या पानांची एक पट्टी काढून वडीलमंडळींना दाखवली. त्यात बाबांचे दोस्त ताविता आहेत, आठवतात ना, जे प्रार्थनेला उभे राहिले की घरी तांदूळ करपतात. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बाळ, ही चाळीस पानं नाहीत. हे एकच पान चाळीस वेळा आहे. आम्हाला भिंतीवर मशीन नको, बाई हवी." ऑगस्टअखेर जमलं नाही तर भिंतीला साधा पिवळा रंग मारणार म्हणे.

त्यांचं खरंय ग. मी काचेच्या पाटीवर प्लास्टिकच्या पेनने काढते. प्रोग्रॅममध्ये तयार ब्रश शेकड्याने पडलेत: तेलरंगाचा, कोळशाचा, शाईचा, अगदी बोटाने फासल्यासारखा दिसणारासुद्धा. पण आपण जिने रंगवतो त्या केवड्याच्या फळाच्या फाकेचा एकही नाही. तो मला करायचाय. आईकडे तुझा जुना सियापो आहे, त्यावरून करून पाहिला; पण त्यात रेघ रेघेला अशी चिकटलेली की एक सोडवायला गेलं की दुसरी फाटते. तेव्हा पाच-सहा वाळक्या फाका पाठव. त्यांनी मी इथे कागदावर रेघा ओढीन, त्यांचे फोटो घेईन आणि त्यातून ब्रश बनवीन.

तुझी
पेनिना

*

वाइलोतो, सवाई
३ मार्च

पेनिना पोरी,

हे पत्र आमच्या चर्चच्या पाळकीणबाई सालोमे लिहितायत, कारण माझा चष्मा डुकराने तुडवला. कुणाच्या डुकराने ते सांगायला नको. लूपेच्या. याच डुकराच्या आजीने चौदा वर्षांपूर्वी माझी सालीच्या कापडासाठी लावलेली पंचवीस रोपं फस्त केली होती, आणि लूपे मला म्हणाली होती की कुंपण नीट घालायचं होतंस. तेव्हापासून मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. घराणंच तसलं. डुकराचंही आणि तिचंही.

(डुकराबद्दल मला काही माहीत नाही. मी फक्त सांगतील ते लिहिते आहे. सालोमे)

तर कॉम्प्युटरातला ब्रश. म्हणजे न भिजणारा, न सुकणारा, न झिजणारा. त्याला ब्रश कशाला म्हणतेस, देवदूत म्हण. फाक रंग पिते पोरी. पहिली रेघ दाट, दुसरी मध्यम, तिसरीला ती तहानेली होते आणि केस दिसायला लागतात. मग पुन्हा बुडवायची. तुझ्या त्या काचेला तहान लागते का ते आधी बघ.

बारा फाका पाठवतेय. मागच्या साली झाडावरून पडलेल्या, उन्हात कडकडीत वाळवलेल्या. टोक सुरीने तिरकं तासायचं. रुंद रेघेला रुंद, बारकीला बारीक. आणि हो, दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नकोस. बाई आपली फाक दुसरीला देत नाही आणि दुसरीची न विचारता उचलत नाही. तुझ्या आईने तुला हे शिकवलं नसणार, तिचा जीव सगळा शिवणाच्या मशीनमध्ये.

विधुराचं नाव मीच सुचवलं होतं. माणूस चांगला आहे, दात थोडे पुढे आहेत.

तुझी आत्या
फुआतिनो

*

मांगेरे
२० मार्च

प्रिय आत्या,

तुझ्या बाराही फाका गेल्या. विमानतळावर तपासनीस बाईंनी पिशवी उघडून विचारलं, "हे काय?" मामा म्हणाले, "ब्रश." त्या म्हणाल्या, "हे बी आहे." मामा म्हणाले, "दोन्ही आहे." या देशात बाहेरचं बी येऊ देत नाहीत, हे मला आधी सुचायला हवं होतं. मामांना मात्र वाईट वाटलंय. त्यांनी बाईंना तिथेच बुटाच्या पॉलिशने रेघ काढून दाखवली म्हणे, आणि बाई म्हणाल्या, सुंदर आहे, आता इकडे द्या.

पण सालीचं कापड येऊ देतात. तेव्हा ब्रश नको, रेघाच पाठव. एका कोऱ्या कापडावर काळ्या रंगाने अकरा रेघा. काही लांब, काही आखूड, दोन वळणाच्या. एक अशी की ओढत ओढत फाक पूर्ण कोरडी होईल. आणि मुख्य म्हणजे नक्षी काढू नकोस. रेघा सुट्या हव्यात, एकमेकींपासून चार बोटं लांब.

मला माहितेय तुला हे वेडेपण वाटणार. पण भिंतीवर तुझाच हात असावा असं माझ्या मनात आहे. मी नुसती पेन धरणार. लहानपणी तुझ्यामागे बसून मी जे बघत होते ते इथल्या मुलांनी कधी पाहिलेलं नाही.

तुझी
पेनिना

*

वाइलोतो
२ मे

पेनिना पोरी,

उशीर झाला. आधी ईस्टर होता, मग पाऊस, मग साल नीट ठोकून होईना. कारणं पुष्कळ आहेत.

कापड मामाच्या ओळखीच्या बाईंबरोबर पाठवलंय. अकरा रेघा मोजून घे. सुटी रेघ काढणं म्हणजे काय असतं तुला कल्पना नाही. रेघेला शेजारीण लागते, तिच्या आधाराने ती कुठे जायचं ते ठरवते. हे म्हणजे अकरा माणसांना बोलावून अकरा खोल्यांत जेवायला बसवण्यासारखं झालं. पण तू मागितलंस, दिलं.

आता यावर मला फार प्रश्न विचारू नकोस.

(कापड गुंडाळून तयारच आलं. काढताना मी पाहिलेलं नाही. बाई सांगतात तेवढंच मला ठाऊक, असं एकदा नोंदवून ठेवते. सालोमे)

चष्मा अजून आलेला नाही.

तुझी आत्या
फुआतिनो

*

मांगेरे
२५ मे

आत्या, आत्या, आत्या,

काय रेघा काढल्यास ग. कापड उलगडलं आणि मी तशीच जमिनीवर बसले. आईने विचारलं कोण गेलं.

आता ऐक काय केलं ते. सगळ्या रेघांचे मोठाले फोटो घेतले. कॉम्प्युटरला एकच टोक दिलं असतं तर त्याने तेच ते ठसे उमटवले असते, म्हणून अकराही रेघांमधून टोकं घेतली आणि त्याला सांगितलं, दरवेळी वेगळं उचल. पेनवर जोर दिला की रेघ रुंदावते, सैल सोडलं की केस दिसतात. आणि तुझी ती तहान, तीही घातली: ओढत गेलं की रंग संपत जातो, पेन उचलून पुन्हा टेकवल्याशिवाय भरत नाही. खाली सालीचा पोतही दिला, म्हणजे रंग खाचांत बसतो आणि उंचवटे कोरे राहतात. तीन आठवडे लागले. स्वप्नातही मी रेघाच ओढत होते.

एकच गंमत झाली. तिरकं टोक असल्याने रेघेची एक कड ठसठशीत आणि एक फिकी येते ना, ती आईकडच्या जुन्या सियापोत एका बाजूला आहे आणि या कापडावर बरोब्बर दुसऱ्या. कापड कसंही फिरवलं तरी जुळेना. शेवटी सगळ्या रेघा आरशात बघितल्यासारख्या उलटवल्या तेव्हा पेन माझ्या हाताला बसला. असं कसं ग झालं?

ताविता येऊन पडद्यासमोर उभे राहिले. चष्मा पुसून नाक काचेला टेकेपर्यंत वाकले. मग म्हणाले, "ही सवाईची बाई आहे. काम सुरू कर." पिवळा रंग रद्द झाला आत्या.

प्रोग्रॅममध्ये ब्रशला नाव दिल्याशिवाय तो जतन होत नाही. मी लिहिलं: फुआतिनो. आणि ऑक्टोबरात पांढऱ्या रविवारी, मुलांच्या सणाला, त्यांचे पाठ म्हणून झाल्यावर, सभागृह उघडताना तुझं नाव सगळ्यांसमोर वाचणार आहेत. तुमच्या मंडळीतही ते पडद्यावर दिसणार, तशी व्यवस्था झालीये.

तुझी
पेनिना

*

वाइलोतो
१४ जून

पेनिना,

नाव वाचू नका.

सियापोवर आपण नाव घालतो का कधी? नाही ना. मग. ब्रशचं नाव पण काहीतरी दुसरं ठेव. केवडा ठेव. फाक ठेव. तुझ्या आईचं ठेव, ती खूश होईल.

आणि कड उलटी आली त्याचं विचारलंस. त्या दिवशी ऊन दुसऱ्या बाजूने येत होतं, म्हणून मी फिरून बसले होते.

(इथे बाईंनी लिहिणं थांबवायला सांगितलं. मग उठून अननस कापला. मग म्हणाल्या, उन्हाचंच लिहा. सालोमे)

इथे सगळं ठीक. लूपे काल रस्त्यात भेटली आणि माझ्याकडे बघून मान हलवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुझी आत्या
फुआतिनो

*

मांगेरे
१ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तावितांना वाचून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "याला म्हणतात नम्रपणा. आजकाल लोक खुर्ची दान करतात आणि पाठीवर आजोबांपासून सगळ्यांची नावं कोरतात." आता तर तुझं नाव सगळ्यांत आधी वाचायचं आणि मंडळीने उभं राहायचं असं ठरलंय. तू नको म्हणत गेलीस तर बहुतेक बँडही लावतील, तेव्हा आता गप्प बस.

अर्धी भिंत झाली. ब्रश चालतानाचा छोटा व्हिडिओ मंडळीच्या पानावर टाकलाय, खाली तुझं नाव. तुमच्या गावातसुद्धा पुष्कळांनी बघितला म्हणे. तुला कुणी दाखवला की नाही?

तुझी
पेनिना

*

वाइलोतो
१९ जुलै

पेनिना,

मी लूपे. तुझ्या आत्याने माझी ओळख डुकरासकट करून दिलीच असेल, म्हणजे वेगळी द्यायला नको.

सुनेने फोनवर तुझा व्हिडिओ दाखवला. पहिलीच रेघ आली आणि मी म्हटलं, थांबव. रेघ उचलताना शेवटी मी मनगट किंचित झटकते, त्याने मासोळीच्या शेपटीसारखं टोक फुटतं. माझी सासू यावरून मला ओरडायची. ती शेपटी तुझ्या कॉम्प्युटरात हलत होती.

काय घडलं ते सांगते. ईस्टरच्या आठवड्यात सकाळीच तुझी आत्या माझ्या दारात उभी. एका हातात अळकुड्यांची टोपली, दुसऱ्या हातात खारवलेल्या मांसाचा डबा, मोठा. म्हणाली, "मला अकरा सुट्या रेघा काढून हव्यात. कशाला ते विचारू नकोस." मी विचारलं नाही. तिला बसवलं, कोको दिला. पेला तिच्या हातात गेला आणि अर्धा कोको चटईवर. दोन्ही हातांनी धरला तरी दात वाजावेत तसा पेला बशीवर वाजत होता. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आमच्या वयात एकमेकींसाठी एवढं करावं लागतं. फाक घेतली आणि अकरा काढून दिल्या.

नाव कुणाचंही वाचा, मला त्याचं काही नाही. मांस चांगलं होतं. पण व्हिडिओत माझी ठसठशीत कड भलत्याच बाजूला दिसली, तू माझी रेघ आरशात उलटी केलीस, ते मात्र मला लागलं. मी डावखुरी आहे, चुकलेली नाही. सरळ कर.

आणि मी लिहिलंय हे फुआतिनोला कळता कामा नये, नाहीतर माझ्या डुकराचं काही खरं नाही.

लूपे

*

मांगेरे
२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

या वेळी जास्त लिहीत नाही. काम पुढे चाललंय.

भिंतीच्या बरोबर मधे एक मोठं पान येतं, हातभर उंच. बाकीची नक्षी त्याच्याभोवती फिरते. ते मी अजून काढलेलं नाही. त्याच्यासाठी मला तुझ्याकडून एक रेघ हवीये. एकच. कशीही चालेल, वेडीवाकडी, मोडकी, रंग सांडलेली, पत्राच्या मागे काढलीस तरी चालेल.

माझ्याकडे आहेत त्या अकरा रेघा फार सुंदर आहेत आत्या. पण मला तुझी हवीये.

चष्म्याची घाई करू नकोस.

तुझी
पेनिना

*

वाइलोतो
१५ ऑगस्ट

पेनिना,

हे मी स्वतः लिहितेय. अक्षर बघ आणि काय ते समज. कोंबडीने उकरल्यासारखं दिसेल, पण सालोमेबाईंकडून लिहून घेण्यासारखं हे नाही. त्यांना सगळं कळलंय असं मला वाटतं, गेले तीन रविवार त्या माझ्याशी फार गोड बोलतायत.

'पण मला तुझी हवीये' या तुझ्या वाक्यापाशी मी दोन दिवस बसून होते. तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. खाई त्याला खवखवे. मला गावातलं प्रत्येक कुत्रंसुद्धा जाणून असल्यासारखं बघत होतं.

हात थरथरतो. दीड वर्ष झालं. दवाखान्यात म्हणाले कंप वयाचा आहे, गोळीने थोडा कमी होईल, जायचा नाही. चष्म्याला काही झालेलं नाही. डुकराने तुडवला नव्हता. त्या डुकराची माफी मागायला हवी, पण मी मागणार नाही.

मार्चात तू रेघा मागितल्यास ते पत्र आल्यावर मी रोज सकाळी दार लावून बसायचे. बावीस कापडं वाया घालवली. एक रेघ सरळ जाईना. मग लूपेकडे गेले. तिच्याच दारात का, तर गावात माझ्या तोडीची तेवढी एकच आहे म्हणून. बघ, हे मी लिहिलं. तिला दाखवू नकोस.

मला गावात काय म्हणतात? सियापोवाली फुआतिनो. ते काढून घेतलं तर मी कोण ग? जिची रोपं डुकराने खाल्ली ती म्हातारी. वाटलं, भिंत समुद्रापलीकडे आहे, कुणाला कळतंय. आणि खरं सांगते, मला ते नाव वाचून हवं होतं. आधी 'नको' लिहायला सांगितलं तेव्हाही आतून हवंच होतं. तुम्ही माझा तो नम्रपणा काढलात तेव्हा मी ते पत्र गादीखाली कोंबलं. मी कधीच नम्र नव्हते, तुझ्या बापाला विचार.

ब्रशला लूपेचं नाव दे. तावितांना जे खरं ते सांग. ते मला काय बोलायचं ते बोलोत, त्यांच्या वाट्याला कधी नव्हे तो विषय आला आहे. मधलं पानही तिच्याच ब्रशने तू काढ. मला भिंतीवर काही नको.

रेघ मागितलीस. हे सगळं पत्र म्हणजे तीच आहे.

तुझी
आत्या

*

मांगेरे
२४ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले, आणि तिसऱ्यांदा डुकरापाशी हसले.

ब्रशचं नाव बदललं. लूपे. आणि डावा-उजवा असे दोन केले, तिची सरळ रेघ सरळच ठेवली. तावितांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई खोटं बोलली त्याचं ती आणि देव बघून घेतील. मधलं पान कधी येतंय?" मी म्हटलं ती नको म्हणतेय. ते म्हणाले, "मग थांबू. पांढऱ्या रविवारपर्यंत थांबू. आलं नाही तर मधे कोरं लाकूड राहू दे." आणि ते तसंच करतील, तुला त्यांचा हट्ट माहीत नाही. इतक्या माणसांसमोर तुझ्या जागी एक भोक दिसलेलं तुला आवडेल का, तूच ठरव.

मामांबरोबर माझी जुनी पाटी पाठवतेय, पेनसकट. ब्रश आत आहे. चालू कशी करायची ते मामा दाखवतील, त्यांनाही येत नाही पण दोघं मिळून जमेल. वरच्या कोपऱ्यात एक पट्टी आहे, शून्यापासून शंभरापर्यंत. ती स्थिर हाताची पट्टी. शून्यावर असेल तर हात हलतो तशी रेघ येते. वाढवत नेलीस की रेघ पेनच्या थोडी मागून चालते आणि येता येता थरथर गाळून टाकते. शंभरावर भूकंपातसुद्धा सरळ येईल.

ही लबाडी आहे असं म्हणशील. चष्मा लावून वाचणं लबाडी आहे का?

तुझी
पेनिना

*

वाइलोतो
१९ सप्टेंबर

पेनिना पोरी,

पाटी मिळाली. मामाने चालू करून दिली आणि दोनदा बंदही करून टाकली. मग एक आठवडा ती मी कपड्यांखाली ठेवली होती, कारण त्यात ब्रश लूपेचा. दुसरीची फाक न विचारता उचलायची नाही, हे तुला मीच शिकवलेलं. कॉम्प्युटरात असली म्हणून काय झालं. शेवटी गेले तिच्याकडे. म्हटलं, "तुझी फाक वापरू का?" ती म्हणाली, "आत ये, बाहेर काय उभी राहतेस, लोकांना वाटेल मी तुला आत घेत नाही."

बसलो चटईवर. तिने कोको अर्धाच भरून दिला.

आधी शून्यावर काढली. मुंग्यांची रांग चाललीय आणि मधे कुणी पाणी ओतलं, तशी आली. लूपे म्हणाली, "पुढे." मग पट्टी एकदम शंभरावर नेली. पेन पुढे आणि रेघ मागून, आळशी नवऱ्यासारखी. पण आली सरळ. खालपासून वरपर्यंत एकदाही न अडखळता. पोरी, दीड वर्षात माझ्या हातातून असं काही निघालेलं नाही. मी रडले, आणि लपवलंही नाही. म्हटलं, "बघ, अजून येतं मला."

लूपेने पाटी जवळ घेतली, लांब धरली, सुनेचा चष्मा लावून बघितली. म्हणाली, "ही कोण?"

मी म्हटलं, "कोण म्हणजे? मी."

"तू नाहीस. तू तिशीतही एवढी सरळ नव्हतीस. ही शाळेतल्या पट्टीने आखलीय." आणि तिने ते मागे घ्यायचं बटण दाबलं. रेघ गेली. मला असा राग आला की पाटी तिच्या डोक्यात घालणार होते. पण पाटी तुझी.

ती म्हणाली, "तुझी रेघ निघताना घाई करायची. पानाच्या पोटापाशी आली की जरा दम घ्यायची, तिथे किंचित जाड व्हायची, आणि मग वर जाताना डावीकडे झुकायची. तुला वाटायचं कुणाला दिसत नाही. काढ पुन्हा." तिने पट्टी सत्तरावर आणली. मी काढली. "नाही." बटण. साठ. "नाही, अजून इस्त्री केलेली आहे." बटण. पन्नासावर आम्ही भांडलो, मी म्हणत होते हीच, ती म्हणत होती ही तुझ्या बहिणीची. दुपार झाली, सून जेवायला बोलावून गेली, आम्ही उठलो नाही. किती वेळा बटण दाबलं त्याला गणती नाही.

अडतिसावर मी काढली आणि तिने बटण दाबलंच नाही. मी विचारलं, "आता काय?" ती म्हणाली, "ही बघ. ही तू. तुझ्या भावाच्या लग्नातला तो मोठा सियापो, त्याच्या डाव्या काठावरची."

माझ्या घरात माझा एकही जुना सियापो उरलेला नाही पेनिना. सगळे लग्नांत आणि मयतांत वाटले गेले, तसेच ते जायचे असतात. माझी रेघ कशी होती हे मला स्वतःलाच आठवत नव्हतं. चौदा वर्षं जिच्याशी मी बोलले नाही, त्या बाईला ती पाठ होती.

मग अख्खं पान अडतिसावर काढलं, एका बैठकीत. थोडी थरथर आहे त्यात, बघशील. लूपे म्हणाली राहू दे, म्हणून ठेवली.

पाटी मामाबरोबर परत येतेय. तावितांना सांग, पान आलं, कोरं लाकूड ठेवायची गरज नाही. आणि नावं वाचायचीच असतील तर आधी लूपेचं वाचा. माझं तिच्यामागून वाचलं तरी चालेल, पण जरा मोठ्याने.

तुझी
आत्या